दुखणं उतरतंय, मग रडू का येतंय?

वर्षानुवर्षं धरलेली कंबर सुटायला लागते. कठडा न धरता जिना चढता येतो, पंगतीत मांडी घालून बसता येतं, रात्री कूस बदलताना कळ येत नाही. घरचे म्हणतात, चेहरा बघ कसा खुललाय. आणि नेमक्या याच दिवसांत काहींना रडू फुटायला लागतं. भाजी चिरताना, खानापूरच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर, टीव्हीवरच्या एखाद्या साध्या जाहिरातीला. कुणी टोचून बोललेलं नसतं, काही हरवलेलं नसतं. जोडीला पहाटे छातीत धडधड, पोटात गोळा आणि काहीतरी वाईट घडणार अशी हुरहुर.

मी बेळगावात फिजिओथेरपीचं काम करते. जुनाट कंबरदुखी-मानदुखीची माणसं बरी होत असताना हा टप्पा इतक्यांदा बघितलाय की हल्ली सुरुवातीलाच सांगून ठेवते, मध्ये कधीतरी उगाच रडू येईल, घाबरून जाऊ नका, येऊन सांगा. आधी सांगितलेलं नसलं तर माणूस पहिलं काम करतो ते व्यायाम सोडण्याचं. 'ह्यानंच काहीतरी बिघडलं' असं त्याला वाटतं. दुसरं काम म्हणजे कारण शोधत बसायचं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला निम्मा त्रास त्या शोधातच असतो. ते कसं, हे सांगण्याआधी दुखण्याबद्दल थोडं सांगावं लागेल.

आमच्याकडं येणारे बहुतेक जण हातात एमआरआयची मोठी पिशवी घेऊन येतात आणि बसायच्या आधीच सांगतात, 'मणक्यात गॅप आलाय.' एल-फोर एल-फाइव्ह हे कंबरेतल्या मणक्यांचे नंबर आता शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांना पाठ आहेत. त्या रिपोर्टात लिहिलेलं खोटं नसतं, फक्त त्याचा अर्थ आपण लावतो तेवढा भयंकर नसतो. पाठीत अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली छापून आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, चाळिशीत हेच प्रमाण ६८ टक्के होतं आणि ऐंशीच्या घरात ९६. म्हणजे केस पिकावेत तशी ही झीज, आणि ती दिसली म्हणून तिथंच दुखतंय असं म्हणता येत नाही.

मग दुखतं कशानं? सुरुवातीला बहुधा खरोखरच काहीतरी झालेलं असतं. भाताचं पोतं उचलताना लचक भरते, कारखान्यात वजन ओढताना स्नायू धरतो. ते चार-सहा आठवड्यांत भरून येतं. पण काहींच्या बाबतीत जखम भरली तरी मज्जासंस्था धोक्याच्या पवित्र्यातून बाहेर येत नाही. वाकणं, बसणं, थंड वारा, घरातलं भांडण, प्रत्येक गोष्टीला ती वेदनेनं उत्तर देत राहते. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या नव्यानं केली, तेव्हाही वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून अनुभव आहे, हे त्यात कायम ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तर अशा जुनाट वेदनेला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली आहे. तेव्हा 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. दुखणं शंभर टक्के खरं असतं, फक्त ते चालू ठेवणारी गोष्ट मणक्यात नसून मेंदूत आणि नसांत असते.

हे लक्षात घेऊन केलेल्या उपचारांना शरीर-मनाचे उपचार म्हणतात. न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन सार्नो यांनी गेल्या शतकात हा विचार लोकांपर्यंत नेला. दाबून ठेवलेला राग आणि ताण पाठीत उतरतो, असं ते सांगत. अलीकडचे उपचार रागापेक्षा भीतीवर जास्त भर देतात. म्हणजे हालचालीची भीती कमी करायची, दुखलं तरी इजा होत नाही हे मेंदूला अनुभवानं पटवायचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जुनाट पाठदुखीच्या १५१ जणांचे तीन गट करून त्यांतल्या एका गटावर असा चार आठवड्यांचा उपचार करून बघितला गेला आणि २०२१ साली त्याचे आकडे आले. उपचार मिळालेल्यांतल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं संपलं किंवा जवळजवळ संपलं. खोटं इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं आणि नेहमीचेच उपाय चालू ठेवलेल्यांत १०. आपल्याकडं हा उपचार त्या नावानं फारसा कुठं मिळत नाही, पण त्यातलं बरंचसं आम्ही व्यायाम शिकवताना वापरतोच.

आता रडण्याकडं येऊ.

वडगाव-खासबागेत ज्यांच्या सोप्यातच पॉवरलूम आहे त्यांना हे लगेच कळेल. दिवसभर खटखट चालू असते. सवयीनं ती ऐकूच येत नाही, पण तिच्याखाली बाकीचं सगळं बुडालेलं असतं. संध्याकाळी लाइट गेली आणि माग थांबला की एकदम घड्याळाची टिकटिक ऐकू येते, शेजारचं बाळ रडतंय ते कळतं, आपले पाय केव्हापासून ठणकताहेत तेही कळतं. हे सगळं आधीपासून होतंच. जुनाट दुखण्याचंही असंच. दहा वर्षं सगळं लक्ष कंबरेनं खाल्लेलं असतं. त्या काळात सासरे गेले, मुलगा गोव्याला नोकरीला गेला, कर्ज झालं, फिटलं. यातल्या कशालाही नीट रडायला सवड मिळालेली नसते. कंबर गप्प झाली की ते वर येतं, आणि येताना 'मी अमुक गोष्टीसाठी आलोय' असं सांगून येत नाही.

याला शरीराच्या बाजूनंही आधार आहे. पाठदुखी नवी असताना मेंदूतले जे भाग जागे होतात ते इजा ओळखणारे असतात. तेच दुखणं वर्षभर मुरलं की मेंदूतली हालचाल सरकून भावनांच्या भागांत जाते, असं २०१३ साली मेंदूच्या चित्रांवरून दिसलं. म्हणजे मुरलेलं दुखणं आणि भावना एकाच वाटेनं ये-जा करत असतात. एकीकडं काही हललं तर दुसरीकडं हलणार, यात नवल नाही.

शिवाय अश्रू येतात ते शरीर सैल पडताना. धोक्याच्या वेळी शरीर ॲड्रेनलिन या संप्रेरकाच्या जोरावर ताठ असतं. लढायचं किंवा पळायचं, एवढंच त्याला माहीत. अश्रुग्रंथींना हुकूम देणाऱ्या नसा मात्र विसाव्याच्या बाजूच्या आहेत. म्हणून लग्नघरातली आई चार दिवस खंबीर उभी असते, वरात गेल्यावर, मांडव उतरवताना तिचा बांध फुटतो. ऑपरेशन थिएटरबाहेर रात्रभर कोरड्या डोळ्यांनी बसलेला बाप डॉक्टरांनी 'आता काळजी नाही' म्हटल्यावर रडतो. ज्याचं शरीर अनेक वर्षं ताठ होतं, त्यानं सैल पडताना थोडंफार रडलं तर ते बिघडल्याचं लक्षण मानायचं काही कारण नाही.

पहाटेच्या धडधडीचं गणित थोडं वेगळं आहे. झोप उघडल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसोल हे संप्रेरक बहुतेकांच्या शरीरात वाढतं, दिवसाच्या कामाला लावण्यासाठी. ज्याची मज्जासंस्था अजून सावध आहे त्याला ही वाढ भीतीसारखी जाणवते. डोळे उघडायच्या आत छाती धडधडते, आणि मग मन त्या धडधडीला शोभेलसं काहीतरी शोधून काढतं. मुलाचा फोन आला नाही. कालच्या भातात काहीतरी होतं. हार्ट तर नाही?

इथंच तो कारणांचा शोध सुरू होतो.

वडगावातल्या एक काकू, घरात माग, स्वतः कांड्या भरायचं काम. मान आणि उजवा खांदा किती वर्षं दुखत होता त्याचा हिशोब त्यांनीच सोडून दिला होता. व्यायामानं आणि हळूहळू भीती मोडत गेल्यानं त्या खूपच सुधारल्या. एक दिवस माझ्यासमोर व्यायामाचा पट्टा ओढता ओढता थांबल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. हात पट्ट्यावर तसाच. 'दुखतंय काय?' विचारलं तर मान हलवून नाही म्हणाल्या. 'मग?' तर म्हणाल्या, 'कळंना झालंय बघा. आठ दिस झालं, उगंच रडायला येतंय. घरात सून इचारतीया, आत्ती, का रडूलालाय? तिला काय सांगू? मलाच ठावं नाही.' त्यांना रडण्यापेक्षा त्या प्रश्नाचा त्रास जास्त होता. सुनेला वाटत होतं आपलं काही चुकलं. मुलाला वाटत होतं आईला पैशाची काळजी आहे. शेजारणीनं सांगितलं होतं, बाहेरचं असेल, एकदा दाखवून आणा. आणि काकूंना स्वतःला वाटत होतं की आपल्याला वेड लागायला लागलंय. एका रडण्याला इतक्या जणांनी इतकी कारणं लावली होती, आणि प्रत्येक कारणानं भीती थोडी वाढवली होती.

भीती वाढली की ॲड्रेनलिन वाढतं, ॲड्रेनलिननं धडधड वाढते, धडधडीनं पुन्हा भीती. रडणं मूळचं पाच-दहा मिनिटांचं असतं. त्याचं कारण काय, ते परत येईल का, लोक काय म्हणतील, यानं ते दिवसभराचं होऊन बसतं. काकूंना मी एवढंच सांगितलं की कारण सापडलं नाही तरी चालतं. सुनेला विचारू दे, तुम्ही म्हणा, 'रडायला येतंय, थोड्या वेळानं थांबतंय.' त्यापुढं काही सांगायची सक्ती नाही.

पण थांबा. शोध सोडायच्या आधी एकदा, एकदाच, डॉक्टरांकडून नीट तपासून घ्यायचं. कारण कधीकधी त्याला अगदी साधं शारीरिक कारण असतं आणि ते राहून जातं. थायरॉइड कमी-जास्त असेल तर रडू, धडधड, घाबरटपणा येतो. रक्त कमी असेल, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, मधुमेह्याची साखर वरचेवर खाली जात असेल, तरी तसंच. पाळी जायच्या आधीची काही वर्षं आणि बाळंतपणानंतरचे महिने यांत तर हे फारच सर्रास दिसतं. कुणाला मागे अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल आणि त्यानंतर मनात काही नसताना रडू किंवा हसू आवरत नसेल, तर तो मेंदूच्या इजेचा वेगळा प्रकार आहे आणि त्यावर औषध आहे.

आणि गोळ्या. हे मला जरा ठासून सांगायचंय, कारण आमच्याकडं हा घोळ फार होतो. कंबर-मानेच्या दुखण्याला प्रीगॅबॅलिन नावाची गोळी सर्रास दिली जाते, बऱ्याचदा बी-ट्वेल्व्हच्या जोडीला एकाच गोळीत. माणूस तिला 'नसांची गोळी' किंवा 'ताकदीची गोळी' म्हणून ओळखतो. दुखणं कमी झालं की पाकीट संपल्यावर नवीन आणत नाही. अशी गोळी एकदम बंद केली की झोप उडते, घाम येतो, मळमळतं, विनाकारण भीती वाटते. ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या गोळीचंही तसंच. झोपेसाठी घेतलेली अल्प्राझोलाम तर एकदम सोडली तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. बरं वाटायला लागलं आणि रडू सुरू झालं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या याचं खरं कारण कधीकधी एवढंच असतं की बरं वाटलं म्हणून गोळी सोडली. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं पायरी पायरीनं उतरवायची असते. बाजारात 'देशी औषध' म्हणून पुड्या मिळतात, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि त्याचाही मनावर परिणाम होतो. सांधेदुखीवर जादूसारखा गुण देणारी पुडी असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका.

छातीत दाब आला, तो डाव्या हातात किंवा जबड्यात गेला, दरदरून घाम फुटला, तर ते मनाचं आहे असं घरी बसून ठरवायचं नाही. आधी ईसीजी. तसंच लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागेला बधिरपणा येणं, पायातली शक्ती जाणं, ताप किंवा झपाट्यानं वजन उतरणं, यांतलं काही असलं तर त्याच दिवशी दवाखाना.

हे सगळं तपासून झालं आणि काही निघालं नाही, तर मग मात्र शोध थांबवायचा. दर महिन्याला नवी रक्ततपासणी नको, मोबाइलवर लक्षणं टाकून वाचत बसणं नको.

'बाहेरचं' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. सौंदत्तीला जाऊन यल्लम्माच्या पायावर डोकं ठेवल्यानं कुणाचं मन शांत होत असेल तर होऊ दे. माझी हरकत तिथून पुढं सुरू होते. कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या, उपाशी ठेवलं, भूत काढतो म्हणून मारलं, तर ती श्रद्धा राहत नाही. कर्नाटकात २०१७ च्या अमानुष प्रथा आणि जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

रडू आलं त्या घटकेला काय करायचं? खरं तर फार काही नाही. आवंढा गिळून दाबायचं नाही आणि मुद्दाम वाढवायचंही नाही. शक्य असेल तिथं बसावं, पाठ भिंतीला टेकावी, तळपाय जमिनीला लावावेत. श्वास मोठा घ्यायच्या भानगडीत पडू नये, कारण घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास ओढत असतो आणि त्यानं चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. श्वास सोडणं लांबवावं. तोंडानं फुंकर घातल्यासारखं, सावकाश. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. ती शरीराची रीतच आहे, त्याला विश्वास लागत नाही.

मग 'का?' विचारण्याऐवजी 'कुठं?' विचारावं. गळ्याशी दाटलंय? छातीत? पोटात? मनातल्या मनात साध्या शब्दांत सांगावं, 'गळा भरून आलाय, हात थंड पडलेत.' हे पोरकट वाटेल, पण भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतला भीतीचा भाग थोडा शांत होतो, हे २००७ साली मेंदूच्या चित्रांमधून दिसून आलेलं आहे. त्यानंतर पाणी प्यावं, तोंड धुवावं आणि जे काम चालू होतं त्याच्याकडं परत जावं. भाजी अर्धी चिरलेली असेल तर उरलेली चिरावी. रडू आलं म्हणून दिवस रद्द करायचा नाही, ही यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट.

रडल्यावर लगेच हलकं वाटलंच पाहिजे, असंही धरून बसू नका. अश्रूंतून शरीरातलं विष निघून जातं असं बरेच जण सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांना रडवणारा चित्रपट दाखवून त्यांची मनःस्थिती मोजली, तेव्हा रडलेल्यांना लगेच आणखी वाईट वाटत होतं. वीसेक मिनिटांत ते मूळपदावर आले आणि दीड तासानं मात्र आधीपेक्षा बरं वाटायला लागलं. तेव्हा रडून झाल्यावर डोकं जड झालं, तर ती रीतच आहे असं समजा आणि दीड तासानं बघा.

लिहिण्याचा उपायही असाच फसवा आहे, म्हणजे सुरुवातीला फसवा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला लावलं. लिहून उठताना मुलं जास्त उदास असायची. पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. कुणाला लिहायचं असेल तर लिहावं, मराठीत, अशुद्ध, कुणाला न दाखवता, आणि हवं तर फाडून टाकावं. पण घरात नुकतंच कुणी गेलंय किंवा मनावर फार मोठा आघात झालाय, अशा वेळी एकट्यानं हे उकरू नये. आणि रोज तासभर लिहून बालपणीची जखम शोधत बसायचं तर मुळीच नको. प्रत्येक दुखण्याच्या मुळाशी एक पुरलेलं दुःख असतंच, आणि ते सापडल्याशिवाय बरं होत नाही, हा विचार मला पटत नाही. तो पुन्हा त्याच शोधाचा दुसरा अवतार.

आपल्या घरांतली खरी अडचण वेगळीच आहे. रडायला जागा नसते. कडोलीत शेतावरचं घर असो की शहापुरातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, सहा माणसांत एक दार. बायका कांदा चिरताना, न्हाणीत, शेतात भांगलण करताना रडून घेतात. पूर्वी जातं होतं. पहाटेच्या अंधारात दळताना बाईला ओवीत काहीही म्हणता यायचं. माहेर, नवरा, मेलेलं मूल, सगळं. 'का रडतेस' असं तिला कुणी विचारत नव्हतं, कारण ते गाणं होतं. आता गिरणी आली, चांगलंच झालं, पण ती घटका गेली. भजनात किंवा हरिपाठात डोळे भरून आले तर अजूनही कुणी काही विचारत नाही. तेवढी जागा मिळत असेल तर जरूर घ्यावी.

पुरुषांचं त्याहून अवघड. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा किंवा पलटणीतून निवृत्त होऊन आलेला माणूस 'मला उगाच रडू येतं' हे वाक्य मला कधीच सरळ सांगत नाही. त्याची बायको येऊन सांगते की हल्ली फार चिडतात, जेवताना उठून जातात. किंवा तो स्वतः सांगतो की डोळ्यांत सारखा कचरा जातोय, चष्मा बदलावा काय? मी चष्म्याबद्दल बोलते आणि मग झोपेबद्दल विचारते. त्यातून कधीतरी बाकीचं निघतं.

घरच्यांनी काय करावं? 'तुला काय कमी आहे?' हे वाक्य तेवढं बंद करावं. ते प्रेमानं विचारलेलं असतं, पण ऐकणाऱ्याला ते उलटतपासणीसारखं लागतं. वर कृतघ्न असल्याची टोचणी. शेजारी येऊन बसा, चहा ठेवा, टीव्हीचा आवाज कमी करा, बास.

आता हे साधं रडणं कुठं संपतं आणि नैराश्य किंवा चिंतेचा आजार कुठं सुरू होतो? साधं रडणं येतं आणि जातं. मधल्या वेळात माणूस हसतो, खातो, सण आला की पुरणाला बसतो. दोन आठवडे रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली राहिलं, कशातच रस वाटेना, झोप आणि भूक बिघडली, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. जगणं नको असा विचार डोकावला तर दोन आठवडे मोजायचे नाहीत, त्याच क्षणी कुणाला तरी सांगायचं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मदत १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र, फुकट बोलता येतं आणि मराठीतही बोलता येतं.

हा मराठीचा मुद्दा सीमाभागात फार मोठा आहे. बाजारात, कचेरीत आपलं कानडी चालून जातं. पण 'जीव घाबरा होतोय', 'आतून पोकळ वाटतंय' हे कानडीत किंवा हिंदीत सांगायची वेळ आली की खानापूर-निपाणीकडची कितीतरी माणसं 'छातीत दुखतंय' एवढंच सांगून गोळी घेऊन येतात. दुभाष्या म्हणून मुलाला किंवा सुनेला नेलं तर घरातलं काही बोलताच येत नाही. म्हणून आधी फोनवर मराठीत बोलून घ्या, काय होतंय ते कागदावर मराठीत लिहून ठेवा आणि ज्या नर्सला किंवा डॉक्टरांना मराठी कळतं त्यांनाच सरळ विचारा, मी मराठीत सांगू का? बेळगावात बऱ्याच जणांना कळतं. विचारायला लाजू नका. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला १८४५ पासूनचं जुनं मनोरुग्णालय आता मोठी संस्था झालंय, आणि कर्नाटकातल्या तालुका रुग्णालयांत ठरलेल्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्याची योजना आहे. तुमच्या तालुक्याचा मंगळवार कोणता, हे आशाताईंना विचारा. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं, तिथं भाषेचा प्रश्नच नाही.

शेवटचं म्हणजे, रडण्याच्या या दिवसांत दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं. कधी जुन्याच जागी, कधी भलतीकडं. कंबर सोडून मान धरते, मान सोडून पोट बिघडतं. एक लक्षण गेलं की दुसरं येतं, हे सार्नो यांनीही नोंदवून ठेवलंय. नवीन जागी दुखलं तर एकदा दाखवून घ्या. तपासणीत काही निघालं नाही तर ते त्याच जुन्या सावधपणाचं आहे असं धरून व्यायाम चालू ठेवा. जमत नसेल त्या दिवशी निम्मा करा. रोज वॅक्सिन डेपोच्या मैदानाला दोन फेऱ्या घालत असाल तर एक घाला, वाटेत रडू आलं तर बाकावर बसा, थांबलं की उरलेली फेरी पुरी करून घरी या. पाऊस असेल तर सोप्यात येरझाऱ्या. आणि पुढच्या वेळी येताना घरात असतील नसतील तेवढी गोळ्यांची पाकिटं, संपलेलीसुद्धा, पिशवीत घालून आणा.